आधी माती, मग मोटर

पलूस तालुक्यातला शेतकरी नांगरट सुरू करण्याआधी रानातली मूठभर माती उचलून दाबून पाहतो. गोळा हाताला चिकटला तर रान अजून ओले आहे. मूठ उघडताच भुगा झाला तर ते जास्त वाळले आहे. गोळा नीट होतो, पण खाली सोडला की सहज फुटतो, तेव्हा रानाला वाफसा आला. दारात कितीही ताकदीचा ट्रॅक्टर उभा असला तरी वाफशाशिवाय तो कोणी काळ्या रानात घालत नाही, कारण तिथे यंत्राचे किती चालायचे हे माती ठरवते. या प्रकरणाचा विषय आहे दीड किलो वजनाची, रेडिओ लहरींवर चालणारी शर्यतीची बग्गी. ती कशी जुळवावी आणि कशी लावून घ्यावी, याबद्दल मला जे सांगायचे आहे ते या मुठीतल्या मातीपासूनच सुरू होते. नवा हौशी माणूस आधी मोटर पाहतो, मग बॅटरी, मग गिअर, आणि सगळ्यात शेवटी टायर. जमिनीचा विचार तर तो शर्यतीच्या दिवशीच करतो. हा क्रम पूर्ण उलटा करायला हवा. बग्गीचा वेग जमिनीवरून मोजत मोजत मोटरपर्यंत यावा, मोटरवरून जमिनीकडे जाऊ नये. पलूसची माती आणि पलूसचे कारखाने हे शिकायला फार सोयीचे आहेत.

बग्गीची रचना थोडक्यात समजून घेऊ. जगभर सर्वाधिक धावणारी ऑफ-रोड बग्गी खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची असते. एक सपाट पाटा, चार स्वतंत्रपणे वरखाली होणारी चाके, चार तेल भरलेले शॉकअॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, बोटभर लांबीची ब्रशलेस मोटर, तिचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, पुढची चाके वळवणारा सर्व्हो, ७.४ व्होल्टची लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि २.४ गिगाहर्ट्झवर ऐकणारा रिसीव्हर, एवढाच तिचा संसार. लांबी, रुंदी आणि उंची दहा पटींनी कमी झाली की आकारमान हजार पटींनी घटते. म्हणून दीड टनाची गाडी एक दशांश मापात दीड किलोची होते, आणि खऱ्या बग्ग्यांचे वजनही साधारण तेवढेच असते. मात्र गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. या मापात सगळ्या हालचाली सुमारे ३.१६ पट, म्हणजे दहाच्या वर्गमुळाइतक्या, घाईने घडतात. ताशी ६० किलोमीटरने जाणारी बग्गी जमिनीशी जशी वागते, तशी मोठी गाडी ताशी १९० किलोमीटरला वागेल. आपल्या पायाखाली सहज फुटणारे तीन सेंटिमीटरचे ढेकूळ तिच्यासाठी तीस सेंटिमीटरचा दगड असतो. मातीतला जो फरक माणसाच्या डोळ्यांना दिसतही नाही, तो या गाडीला डोंगराएवढा असतो.

आता साधा हिशेब मांडू. बग्गीचे वजन दीड किलो आणि तिची फक्त मागची दोन चाके जमिनीला रेटतात. वजनाचा ६५ टक्के भार मागे आहे आणि सुट्या मातीवर टायरचा घर्षणांक ०.६ आहे, असे धरू. मागच्या चाकांना न घसरता जास्तीत जास्त सुमारे ५.७ न्यूटनचा रेटा देता येईल. वेग घेताना भार थोडा आणखी मागे सरकतो, म्हणून उदारपणे ७ न्यूटन धरू. सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेग असताना एवढ्या रेट्यासाठी ३५ वॅट पुरतात. ताशी ३६ किलोमीटरला ७० वॅट लागतात. आजची मध्यम दर्जाची ब्रशलेस मोटरही शंभर-दीडशे वॅट सहज देते. वळणातून बाहेर पडताना, जिथे शर्यतीचा खरा वेळ जातो, तिथे मोटरची निम्म्याहून अधिक ताकद मातीला घेताच येत नाही. ती फक्त धुरळा उडवते आणि टायर झिजवते. त्यावर आणखी मोठी मोटर बसवणे म्हणजे भरलेल्या पोत्यात धान्य ओतत राहणे.

वळणांचा हिशेब याहून बोलका आहे. दोन मीटर त्रिज्येच्या वळणात ०.६ घर्षणांकावर बग्गी सेकंदाला सुमारे ३.४ मीटरच्या वर गेली की घसरणार. त्या मातीला शोभणारे टायर बसवून घर्षणांक ०.७५ केला, तर तीच मर्यादा ३.८ मीटरवर जाते. अर्धवर्तुळाच्या एका वळणात सुमारे ०.१९ सेकंद वाचतो. फेरीत अशी आठ वळणे असतील तर दीड सेकंद, आणि पाच मिनिटांच्या शर्यतीत तीस सेकंदांच्या दहा फेऱ्या धरल्या तर पंधरा सेकंद, म्हणजे अर्धी फेरी. याउलट मोटर बदलून वीस मीटरच्या सरळ पट्ट्यावर कमाल वेग दहा टक्क्यांनी वाढवला, सेकंदाला १२ मीटरचा १३.२ केला आणि गाडी तो पूर्ण पट्टा कमाल वेगानेच कापते असे मानले, तरी फेरीला ०.१५ सेकंदच हाती लागतो. एकाच गाडीवरची ही दोन सुधारणांची तुलना आहे, आणि टायरची कमाई मोटरच्या दहापट निघते. आकडे गृहीतकांवर उभे आहेत, मैदान बदलले की तेही बदलतील. पण दहापटीचा फरक गृहीतकांच्या थोड्याफार चुकीने पुसला जात नाही.

इतिहासही हेच सांगतो. रेडिओने दूरची वस्तू चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेविना चालणारी छोटी होडी लोकांना दाखवली होती. मातीवरच्या बग्गीचा जमाना मात्र १९७९ साली जपानच्या तामियाने काढलेल्या सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या गाड्यांनी सुरू झाला. खऱ्या वाळवंटी गाड्यांच्या त्या देखण्या प्रतिकृती होत्या. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असोसिएटेडने आरसी१० आणली. तिच्यात अॅल्युमिनियमचा हलका ताठ पाटा होता, चाकांना भरपूर वरखाली होऊ देणारे लांब हात होते आणि चारही कोपऱ्यांवर तेलाचे शॉकअप होते. दिसण्यात ती कोणत्याच खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल नव्हती. १९८५ साली कॅलिफोर्नियातच डेल मार इथे या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि दोन-चाक-चालित गटाचे विजेतेपद जे हॅल्सीने आरसी१० वर मिळवले. त्या काळात सगळ्या गाड्यांत एकाच मापाच्या डब्याच्या मोटरी असत. आरसी१० ने बाकीच्यांना मागे टाकले ते चाक मातीपासून सुटू न दिल्यामुळे.

याहून ठळक पुरावा पुढच्या काळाने दिला. पहिली काही दशके दोन-चाक-चालित बग्गीची मोटर मागच्या आसाच्याही मागे लटकत असे. सुट्या मातीवर मागच्या चाकांवर भार हवा, म्हणून ती रचना योग्यच होती. पुढे युरोपात कृत्रिम गवताचे आणि गालिच्याचे, तर अमेरिकेत दाबून चोपलेल्या चिकणमातीचे ट्रॅक वाढले. तिथे पकड इतकी मिळू लागली की मागच्या चाकांना जास्त भाराची गरज उरली नाही. उलट हलके पडलेले पुढचे टोक वळेना. मग मोटर आसाच्या पुढे, गाडीच्या मध्यात आली. २०११ च्या सुमारास टीम ड्युरँगोच्या डेक्स२१० सारखी गाडी बाजारात आली, जिची मोटर मालकाला जमिनीनुसार मागे किंवा मध्ये बसवता येत असे. मोटरसारखा जड आणि महागडा भाग कुठे बसणार हेही शेवटी जमिनीनेच ठरवले. ज्या मैदानाची माती सुटी राहणार आहे तिथे मागे मोटर असलेली जुन्या धाटणीची गाडी आजही वेडेपणा ठरत नाही.

म्हणून पलूसमध्ये बग्गी लावायची असेल तर पहिला प्रश्न पलूसच्या जमिनीचा. कृष्णाकाठच्या या तालुक्यात भिलवडी, आमणापूर, अंकलखोपच्या बाजूला नदीच्या गाळाची खोल जमीन आहे. कुंडल, सागरेश्वरच्या डोंगरांकडे जाताना ती उथळ होत मुरमाड बनते. मधल्या पट्ट्यात बसाल्ट झिजून तयार झालेली काळी माती आहे. या काळ्या मातीचे वागणे तिच्यातल्या फुगणाऱ्या चिकणमातीच्या कणांवर चालते. पाणी मिळाले की ते कण फुगतात आणि माती चाकाला लिंपून बसते. उन्हाने वाळले की आकसतात आणि जमिनीला भेगा पडतात. या दोन टोकांच्या मध्ये वाफशाची जी थोडी वेळ असते, तेव्हा हीच माती टायरला जी पकड देते ती मुरमाला कधीच जमत नाही. मुरूम उलट स्वभावाचा. पावसाचे पाणी लगेच खाली सोडतो, त्याचा सहसा चिखल होत नाही, पण वर सुटी खडी ठेवतो आणि त्या बारीक गोट्यांवर बग्गी बेअरिंगवर बसल्यासारखी सरकते. म्हणून खाली मुरमाचा थर, वर काळ्या मातीचा चाळलेला थर, पाणी मारून धुमसाने चोपणे आणि वाफसा आला की पुन्हा दाबणे, हाच इथल्या ट्रॅकचा शहाणा मार्ग.

हे ज्ञान या भागाला नवे नाही. पूर्वी सुगीच्या आधी खळे तयार करताना जमीन भिजवून, चोपून, शेणाने सारवत. मळणीचे दाणे मातीत हरवू नयेत आणि धूळ उठू नये, एवढ्यासाठी एका मोसमापुरता तो टणक पृष्ठभाग बांधला जाई. कुंडलच्या कुस्ती मैदानाची ख्याती साऱ्या महाराष्ट्राला आहे. कुस्तीच्या आखाड्यात तांबडी माती चाळून, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद मिसळून, रोज खणून ती हव्या तितकी मऊ आणि ओलसर ठेवली जाते. मल्ल जितका तयार होतो तितकीच माती तयार होते. बग्गीच्या ट्रॅकची मागणी आखाड्याच्या उलट, खळ्याच्या जवळची आहे, पण विचार तोच: खेळ सुरू होण्याआधी जमीन घडवायची. अमेरिकेतल्या काही ट्रॅकवर पकड वाढवायला साखरेचे पाणीही शिंपतात. ऊस पिकवणाऱ्या तालुक्यात ही युक्ती मोहात पाडेल, पण तिने टायर वेगळे लागतात आणि मुंग्याही येतात. चोपलेल्या मातीला वेळेवर मारलेले साधे पाणी पुष्कळ आहे.

जमीन कळली की टायर निवडता येतात. या टायरमध्ये दाबाची हवा नसते. आत फोमची कडी असते आणि टायर रिमला पातळ गोंदाने चिकटवलेला असतो. म्हणजे हवेचा दाब कमी-जास्त करून चूक झाकायची सोय नाही. निवड तीन गोष्टींची करायची असते: रबर किती मऊ, फोम किती ताठ आणि काटे कसे. वर सुटा थर असलेल्या मातीला उंच, विरळ काटे हवेत, कारण ते थर भेदून खालच्या टणक जमिनीला धरतात. विरळ असल्याने दोन काट्यांमधली माती फिरताना झटकलीही जाते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या खांडांमध्ये मोकळी जागा ठेवतात ती याच कारणाने. चोपून गुळगुळीत झालेल्या मातीवर मात्र तेच उंच काटे वाकतात आणि गाडी डुलते. तिथे बुटके, दाट काटे किंवा जवळजवळ सपाट, मऊ टायर जिंकतात. दोन-चाक-चालित बग्गीच्या पुढच्या टायरवर वरंब्यासारख्या उभ्या कडा असतात. सरळ जाताना त्या अडवत नाहीत, वळताना बाजूने रुततात. सकाळी ओलसर, दुपारी धुळकट आणि संध्याकाळी टणक काळी रेघ पडलेल्या मैदानाला एकच टायर दिवसभर पुरेल ही अपेक्षा चुकीची आहे. खर्चाला मर्यादा असेल तर दुसऱ्या मोटरचे पैसे टायरच्या दुसऱ्या जोडीवर घालावेत.

टायरने मातीला धरले, तरी ते मातीवर टिकवण्याचे काम शॉकअपचे. आतल्या दट्ट्याला बारीक भोके असतात आणि सिलिकॉन तेल त्यांतून वाट काढते. छोटी भोके आणि पातळ तेल, किंवा मोठी भोके आणि जाड तेल, या दोन्ही जोड्या हळू हालचालीत सारख्याच वाटतात. फरक उडीनंतर कळतो. दट्टा वेगाने दाबला गेला की छोट्या भोकांतून तेल वेळेवर निघू शकत नाही, शॉकअप क्षणभर जाम झाल्यासारखा ताठ होतो आणि बग्गीचे पोट जमिनीला आपटत नाही. मोठ्या उड्यांच्या ट्रॅकला हे हवे असते. बारीक ढेकळांच्या ट्रॅकला हे नको, कारण तिथे ताठ झालेला शॉकअप चाकाला वर उडवतो. तेलाचा स्वभाव उन्हाबरोबर बदलतो, हे आपल्याकडे विशेष लक्षात ठेवायला हवे. २५ अंशांना जेवढी जाडी असते ती ४० अंशांना सुमारे पाव हिश्श्याने कमी होते. परदेशी पुस्तिकेतला तेलाचा आकडा पलूसच्या एप्रिलमधल्या दुपारी मऊ पडतो आणि डिसेंबरच्या सकाळी ताठ, म्हणून तेलाच्या बाटल्यांवर तापमान लिहून ठेवणे हा वेळेचा अपव्यय नाही.

इथे जुळणीचा विषय येतो, कारण चांगले तेल वाईट जुळणी सुधारू शकत नाही. चाकाचा हात खिळीवर लावल्यावर स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडखळला तर भोकात किंचित रेती किंवा प्लास्टिकची कूस आहे, ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. उलट खिळीवर हात डुगडुगत असेल तर बारीक वॉशर घालून तो प्ले काढायचा. मोटरवरचे छोटे पिनियन आणि त्याने फिरणारा मोठा स्पर गिअर यांच्या दातांमध्ये साध्या कागदाची पट्टी घालून अंतर ठरवतात. कागद ओढल्यावर त्यावर दातांचे ठसे उमटावेत, पण तो फाटू नये. धातूत जाणारा प्रत्येक स्क्रू थ्रेडलॉकने, म्हणजे आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाने, बसवावा. शॉकअपमधली हवा काढताना घाई केली की चार कोपऱ्यांवर चार वेगळे शॉकअप तयार होतात, आणि मग गाडी डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळी वळते. हे सगळे पलूस-किर्लोस्करवाडीच्या फिटरला, टर्नरला समजावून सांगावे लागत नाही. ज्या हातांनी पंपाची शाफ्ट आणि बेअरिंग बसवली आहेत त्यांना सैल आणि घट्ट यांच्यामधली योग्य जागा बोटांनी कळते.

जुळणी निर्दोष झाली की भूमितीचे थोडे बदल उरतात. त्यांना जादू समजू नये, प्रत्येकाचे एकच काम आहे: चार चाकांवरचा भार कधी कुठे जावा हे ठरवणे. गाडीची उंची बहुधा मागच्या चाकांचे शाफ्ट आडवे दिसतील इतकी ठेवतात. उंच गाडी खडबडीत मातीत तरते आणि गुळगुळीत मातीत कलंडते. मागच्या चाकांची पुढची टोके साधारण तीन अंश आत वळलेली असतात, त्यामुळे वेग घेताना शेपूट स्थिर राहते. चाकांचा वरचा भाग एक-दोन अंश आत झुकवला की वळणात टायरची पूर्ण रुंदी मातीवर बसते. मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल ताठ केले तर सुट्या मातीत मागची दोन्ही चाके एकत्र रेटतात, सैल केले तर गाडी वळणात सहज फिरते. यातला कोणताही आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. सवाल नेहमी तोच विचारायचा: या मातीवर आत्ता पकड कमी कुठे पडते आहे, पुढे की मागे, वळणात शिरताना, मधे की बाहेर पडताना? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की बदलायच्या गोष्टी दोन-तीनच उरतात.

यासाठी पद्धत हवी आणि पद्धतीचा पाया एकच: एका वेळी एकच बदल. तेल बदलले, टायर बदलले आणि गाडी वेगवान झाली, तर श्रेय कोणाचे हे कधीच कळत नाही. तेलाने नुकसान केले आणि टायरने ते भरून काढले असेही होऊ शकते. पहिल्या मांडणीवर पाच फेऱ्यांची वेळ घ्यावी, बदल करून पुन्हा पाच, मग जुन्या मांडणीवर परत येऊन आणखी पाच. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तीच सर्वांत मोलाची आहे, कारण पंधरा मिनिटांत मातीही वाळलेली असते. जुन्या मांडणीवर परतताना वेळ पहिल्यासारखीच आली नाही, तर बदलला तो वाफसा, गाडी नव्हे. सगळ्यात जलद फेरी न पाहता पाच फेऱ्यांची सरासरी पाहावी. शेतकरी नव्या वाणाच्या शेजारी जुन्या वाणाचा पट्टा ठेवतो आणि दोन्ही एकाच पाण्यावर वाढवतो, त्यामागचा तर्क हाच.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा की शेवटी जास्त ताकदीची गाडीच जिंकते. मोटर सर्वांना सारखी दिली तर काय होते ते पाहू. बग्गीच्या शर्यतींत असा गट असतो, जिथे प्रत्येकाला १७.५ फेरे गुंडाळलेलीच मोटर वापरावी लागते. मोठ्या मापात हाच प्रयोग अभियांत्रिकीचे विद्यार्थी करतात. १९७६ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झालेली बाहा स्पर्धा २००७ पासून भारतात बाहा एसएईइंडिया या नावाने मध्य प्रदेशातल्या पिथमपूर इथे भरू लागली. एका माणसाची खडबडीत रस्त्यावर चालणारी गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः बनवायची आणि इंजिन सर्वांना एकच. अशा स्पर्धेत पहिला आणि शेवटचा यांच्यातले अंतर इंजिनातून आलेले नसते. ते सस्पेन्शन, वजन, टायर, जुळणी आणि चालक यांतून येते. ताकद समान झाल्यावरही अंतर एवढे उरते, यावरून ताकदीबाहेर मिळवण्यासारखे किती आहे ते दिसते.

चालक म्हणताच दुसरा आक्षेप येतो: चांगल्या चालकाच्या हाती वाईट गाडीही जिंकते, मग लावून घेण्याची एवढी यातायात कशाला? यात सत्याचा मोठा भाग आहे. नव्या चालकाने पहिले दोन-तीन महिने गाडीला हात न लावता फक्त चालवावे, हा सल्ला योग्यच आहे. पण चालकाचे कौशल्य आणि गाडीची मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या गाडीची शेपूट दर तिसऱ्या वळणात अनपेक्षित निसटते, तिच्यावर कोणी अचूकता शिकू शकत नाही, कारण तीच कृती केल्यावर तोच परिणाम मिळत नाही. मांडणीचे खरे काम गाडी भरवशाची करणे हे आहे. भरवसा आला की सराव फळाला येतो.

तिसरा आक्षेप अधिक बुद्धिमान आहे. जगज्जेत्यांच्या मांडणीचे तक्ते छापून मिळतात, मग ते जसेच्या तसे का उचलू नयेत? त्या तक्त्यांत खोटेपणा नसतो. ते अगदी प्रामाणिक असतात, फक्त दुसऱ्या जमिनीबद्दल प्रामाणिक असतात. त्यात लिहिलेला मऊ सपाट टायर, खाली बसवलेला पाटा आणि मध्यातली मोटर गालिच्यावर किंवा छपराखालच्या चिकणमातीवर सिद्ध झालेली असते. तीच मांडणी मुरमाड मैदानावर आणली की गाडीचे पोट खडीला घासते आणि मागची चाके नुसती फिरतात. तक्त्यावर तेलाच्या आकड्याआधी मैदानाचे वर्णन असते. ते आधी वाचावे, आणि आपल्या मैदानाशी जितके जुळेल तितकेच पुढचे आकडे घ्यावेत.

चौथा आक्षेप मनाला लागणारा आहे. सुटे भाग जपान, तैवान, अमेरिकेतून यायचे, तर यात आपले असे काय? याच मातीतले एक उदाहरण पुरेसे आहे. औंध संस्थानाच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळ दिलेल्या माळावर उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवायला घेतला होता. लोखंडाने जमीन विषारी होईल असे शेतकऱ्यांना वाटे, आणि पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. लोखंड, ओतकाम, यंत्र ही विद्या बाहेरून आलेली होती. पण तो नांगर काळ्या रानात आपल्या बैलांमागे नीट चालतो, हे रानात दाखवल्याशिवाय कोणी घेणार नव्हते. जवळच्याच देवराष्ट्रे गावातल्या एका लोहार कारागिराने भंगारातून छोटी चारचाकी बनवली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती दिली. सुटे भाग कोणी ओतले हा प्रश्न या दोन्ही ठिकाणी दुय्यम ठरला. यंत्राला आपल्या जमिनीवर, आपल्या गरजेला लावून घेणारी बुद्धी परदेशातून मागवता येत नाही.

आणि मोटरचे काय? तिचा क्रम आता येतो, आणि तोही सोपा झालेला असतो. मोटरचे मिनिटाला ३०,००० फेरे, ७८ दातांचा स्पर, २६ दातांचे पिनियन, आतल्या गिअरचे २.६ चे गुणोत्तर आणि ८४ मिलिमीटरचे चाक घेतले, तर कागदावर ताशी सुमारे ६० किलोमीटरचा वेग निघतो. पिनियन २४ दातांचे केले की तो ५६ वर येतो, पण मोटर थंड राहते आणि वळणातून बाहेर पडताना अंगठ्याच्या हालचालीला गाडी मऊ उत्तर देते. पलूसच्या उन्हात शर्यतीनंतर मोटरचे तापमान पाहावे. हात टेकवत नसेल तर दात कमी करावेत. टायरने मातीला धरले, शॉकअपने टायरला सांभाळले, जुळणीने शॉकअपला मोकळे ठेवले, की मोटरला किती ताकद लागते हे वळणातच दिसते, आणि ती बहुधा आधी वाटली होती त्यापेक्षा कमी निघते. मैदानावर पोचल्यावर गाडीची पेटी उघडण्याआधी खाली वाकावे, मूठभर माती उचलावी आणि दाबून पाहावी. गोळा होऊन सहज फुटला तर काढायचे टायर कोणते, भरायचे तेल किती जाड आणि घालायचे पिनियन किती दातांचे, याचा अर्धा निकाल त्या मुठीत लागलेला असतो.